हुंगणारीची जागा

गाणंवाल्या बाईंचा आवाज तुम्ही घेतलात, साहेब. वन्संच्या नाकाने नाही.

तुम्ही म्हणजे कोण, ते तुम्हाला बरोबर कळलंय. सभागृहाच्या वरच्या मजल्यावर काचेच्या दाराआड बसता आणि दारावर 'परवानगीशिवाय आत येऊ नये' असं लिहून ठेवता, ते तुम्ही. गाणंवाल्या बाई दवाखान्यात नाकातोंडात नळ्या घालून पडलेल्या असताना वर्तमानपत्रवाल्याला 'सफाई करणाऱ्या महिलांचा हलगर्जीपणा' असं ठणकावून सांगणारे तुम्ही. हलगर्जीपणा! जिने उभं आयुष्य दुसऱ्यांच्या सोफ्यांत नाक खुपसून, त्या घरातली माणसं रात्री सुखाने झोपतील याची खात्री केली, तिला हा शब्द. तुमच्या तोंडून तो फार सहज निघाला. आता तो कुणाला लागू पडतो ते ऐका. तुम्हाला ऐकायचं नसेल तर बाकीचे ऐकतील.

नणंद-भावजय अशा त्या दोघी. भावजयीला सगळा बाजार वहिनी म्हणतो, म्हणून नणंदही तिला वहिनीच म्हणते, पुढे एक 'अगं' लावून. नणंद वयाने मोठी, तिला वहिनी वन्सं म्हणते आणि बाजारही वन्संच म्हणतो. दुकान म्हणजे एक दार आणि एक खिडकी. पाटीवर लिहिलंय, 'नाजूक कापडाची कोरडी सफाई'. पाणी लागलं की जे कापड रुसतं, आकसतं, कडेने पिवळं वर्तुळ धरून बसतं, ते या दोघींकडे येतं. मखमल, रेशीम, जुन्या झालरी. किंवा मग या दोघी त्याच्याकडे जातात, कारण सोफा काही कुणी पिशवीत घालून आणत नाही.

पाण्याऐवजी सॉल्व्हंट, म्हणजे मळ विरघळवणारं रसायन वापरायचं. घरात त्याला औषध म्हणायचे, हे नाव वहिनीच्या नवऱ्याने पाडलेलं. औषध कसलं, डबा उघडला की डोळ्यांतून पाणी काढणारं प्रकरण ते. पण कापडाला मात्र ते मायेने वागवतं. आधी ब्रशने धूळ काढायची. मग कुणाच्या नजरेला न पडणारी मागची शिवण शोधायची आणि पांढऱ्या फडक्यावर औषध घेऊन तिथे टेकवायचं. फडक्यावर रंग उतरला तर गाशा गुंडाळायचा. नाही उतरला तर पुढे जायचं, पण ओतायचं नाही आणि खसाखसा चोळायचं तर मुळीच नाही. चोळलं की मखमलीला टक्कल पडतं. टिपायचं. तान्ह्या बाळाचं तोंड टिपावं तसं.

आणि सगळ्यात शेवटी, वास.

वहिनीचा नवरा, म्हणजे वन्संचा धाकटा भाऊ, आता नाही. पण त्याने घालून दिलेला एक नियम या दोघी देवाचा शब्द असल्यासारखा पाळतात. घासणारीने हुंगायचं नाही. कारण साधं आहे. औषध नाकाला आधी चावतं, मग गोंजारतं, मग झोपवतं. जो दिवसभर त्यात काम करतो त्याला संध्याकाळी वाटतं, चला, वास गेला. वास जागच्या जागीच असतो, नाक गेलेलं असतं. गाद्यांच्या पोटात औषध दडून बसलेलं असतं आणि रात्री खिडक्या लावून माणसं झोपली की ते हळूहळू बाहेर येतं.

म्हणून घासणारी वेगळी आणि हुंगणारी वेगळी. काम चालू असेतो हुंगणारीने घराबाहेर बसायचं, पायरीवर, मोकळ्या हवेत. ऊन असो, थंडी असो. काम संपलं की आत यायचं, एकेक गादी दोन्ही हातांनी दाबून आतली हवा बाहेर काढायची आणि तिथे नाक लावायचं. मग दोनच शब्द. 'नाही', किंवा 'दिलं'. वन्संनी 'दिलं' म्हटलं की घर मालकाच्या ताब्यात. तोवर मालकालाही आत पाऊल टाकायची बंदी. एका बड्या असामीला वन्संनी त्याच्याच दिवाणखान्याबाहेर उभं ठेवलं होतं, नुसत्या मोज्यांवर.

दोघींचं पटायचं का? नणंद-भावजयीचं जेवढं पटतं तेवढं.

"अगं वहिनी, घासायला काय, गाढवही घासेल," वन्सं म्हणायच्या. "हुंगायला माणूस लागतं."

"हो ना! आणि पायरीवर बसून उन्हं खायला राणीसरकार लागतात," वहिनी म्हणायची.

वन्संना ते लागायचं, कारण पायरी हे त्यांचं जुनं दुखणं होतं. लोकांच्या घरांत वहिनी आत असायची, झुंबराखाली. यांच्या वाट्याला पायपुसणं. "माझ्या भावाने मला जन्मभर दारात ठेवलं," असं त्या कुणालाही सांगायच्या, गिऱ्हाइकालासुद्धा. नाकाचा मात्र भारी तोरा. माझं नाक आहेच तसं, उपजत. कुठल्या घरात दूध लागलंय ते मला गल्लीच्या तोंडाशी कळतं. आणि कळायचंही.

तर साहेब, तुमच्याकडून निरोप आला. कुणी थोर पाहुणा येणार होता. वरच्या दालनातले रेशमी पडदे आणि मखमली खुर्च्या लख्ख हव्या होत्या. वहिनीला आनंदच झाला, कारण तेच पडदे तिच्या नवऱ्याने पूर्वी केले होते आणि तेव्हा झालरीच्या एका गोंड्याला त्याने आपल्या हाताने टाका घातला होता. ती तो गोंडा शोधणार होती.

दालनात पाऊल टाकलं आणि तिला रंगाचा वास आला. खिडक्यांच्या चौकटी नव्याने रंगवलेल्या आणि प्रत्येक कडीवर कागदी पट्टी डकवलेली. हात लावू नये.

ती तडक काचेच्या दारापाशी गेली. परवानगी मागितली की नाही, ते तिच्या लक्षात नाही.

"साहेब, खिडक्या उघडाव्या लागतील."

"रंग दिलाय. बोटं उमटतील."

"फडक्याने धरून उघडते."

"खाली रस्ता खोदलाय. सगळी धूळ आत येईल."

"मग वास कुठून जाणार?"

"दार आहे ना एवढं मोठं?"

"दारातून माणसं जातात, साहेब. वास जायचा तर वारा हवा, आणि वारा यायचा तर समोरासमोर उघडं हवं."

"बाई," तुम्ही म्हणालात आणि चष्मा काढून पुसायला घेतलात, "तुम्ही सफाईचं बघा. इमारतीचं आम्ही बघतो. जमत नसेल तर तसं सांगा. पाण्याने धुणारेही आहेत. ते वासाचं वगैरे काही बोलत नाहीत."

रेशमाला पाणी! ते पडदे टबात बुचकळले जाताना वहिनीला डोळ्यांसमोर दिसले. तिथेच तिने डबे उचलून चालतं व्हायला हवं होतं, असं आता कुणीही म्हणेल. तिने तडजोड केली. दाराची दोन्ही कवाडं उघडी, मोठा पंखा दाराकडे तोंड करून, आणि वन्संनी 'दिलं' म्हटल्याशिवाय आत चिटपाखरू नाही. तुम्ही 'बरं, बरं' म्हणालात. ते दोनदा म्हटलेलं 'बरं' म्हणजे काय असतं, हे तिला तेव्हा कळायला हवं होतं.

आणि हो, पडद्यांचं. घासलेले पडदे एरवी बाहेर वाऱ्यावर टांगतात. तुम्ही म्हणालात, पुढच्या अंगणात पडदे लोंबकळले की सभागृहाचं धोबीघर दिसतं. तेव्हा तुमचे दोन गडी एकेक पडदा झाला की खाली नेत होते, कुठल्याशा रिकाम्या खोलीत दोरीवर घालायला. "दार-खिडकी उघडी ठेवा रे तिथली," वहिनीने सांगितलं. "ठेवतो," गडी म्हणाले. खोली तिने पाहिली नाही. तिचे हात औषधात होते आणि डोळे मखमलीवर.

दिवस कलला. शेवटची खुर्ची टिपून झाली. गोंडाही सापडला, टाका जसाच्या तसा. वहिनीचं नाक कधीच झोपी गेलं होतं, तिला फक्त घशात गोडसर चव लागत होती. तिने जिन्यावरून हाक मारली, "वन्सं! या!"

वन्सं आल्या. पदर खोचून, कोर्टात न्यायाधीश यावा तशा. त्या आतल्या बोळाकडून आल्या, पुढच्या दाराच्या पायऱ्यांकडून नाही. वहिनीच्या नजरेने ते टिपलं, डोक्याने टिपलं नाही. एकेक खुर्ची त्यांनी दाबली, नाक लावलं, पुढे गेल्या. कुठे थांबल्या नाहीत, कपाळाला आठी नाही.

"दिलं," वन्सं म्हणाल्या.

"दिलं? खिडक्या बंद असताना? सगळ्या दाबल्यात ना नीट?"

"मला शिकवतेस? माझं नाक तुला शिकवतं का घासायचं?"

नियम तो नियम. हुंगणारीच्या शब्दावर घासणारीने बोलायचं नाही. दोघी डबे उचलून घरी गेल्या.

दिवेलागणीला त्या दालनात गायनवर्ग भरला. निवृत्त माणसांचा वर्ग, आजी-आजोबांचा. कुणी पोस्टातून निवृत्त, कुणी शाळेतून, कुणी फक्त संसारातून. शिकवणाऱ्या गाणंवाल्या बाई स्वतःही साठीपलीकडच्या, दम्याच्या, पण असा आवाज की मागच्या रांगेतल्या बहिऱ्या आजोबांनाही सूर कळावा. गाणाऱ्याने श्वास कुठून घ्यायचा? पोटातून. बाई तेच शिकवत होत्या. खोल घ्या. अजून खोल. थांबवा. सोडा. आणि बंद खिडक्यांच्या त्या दालनात, माणसांच्या वजनाने दाबल्या गेलेल्या मखमली गाद्यांमधून जे बाहेर येत होतं, ते सगळ्यांनी पोटातून, खोल, अगदी शहाण्या विद्यार्थ्यांसारखं आत घेतलं.

आधी एकीचं डोकं धरलं. मग एकाला उलटी झाली. बाई उठून खिडकीकडे गेल्या आणि तिथेच खाली कोसळल्या.

जीव वाचला. पण श्वास चालू ठेवायला घशात नळी घालावी लागली, आणि नळी काढल्यावर जे बाहेर आलं त्याला कुणी आवाज म्हणणार नाही. सुक्या पानावर पाय पडावा तसं काहीतरी. डॉक्टर म्हणाले, बघू.

सकाळी शेजारच्या इस्त्रीवाल्याने वर्तमानपत्र दुकानात आणून टाकलं. "वहिनी, हे तुमच्याबद्दल आहे का गं?" वहिनीने वाचलं. वन्संनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मोठ्याने वाच." मोठ्याने वाचल्यावर त्या उठल्या, आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या.

बसल्या त्या बसल्या. ज्या बाईचं तोंड दिवसभरात मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं, तिने मिठाची गुळणी धरली. एकदाच बोलल्या, "नाक गेलं माझं. म्हातारी झाले. आणि त्या बाईचा गळा घेऊन गेलं."

वहिनी दवाखान्यात जाऊन आली. गाणंवाल्या बाईंनी तिला ओळखलं, हाताने बसायची खूण केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. वहिनीला वाटलं, शिवी दिली असती तरी बरं झालं असतं.

त्यातच तुमचा वॉचमन आला, साहेब. गल्लीभर शीळ घालत फिरतो म्हणून त्याला सगळे शिट्टी म्हणतात. त्या दिवशी मात्र शीळ नव्हती. दारातच उभा राहून म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, सभागृहात सगळ्या गावासमोर बैठक आहे. तुम्ही दोघींनी यायचं. चूक आमची होती, एवढं बोलायचं. मग प्रकरण मिटलं. पुढचं कामही तुम्हालाच देतो म्हणालेत."

"येते म्हणावं," आतून वन्संचा आवाज आला. "बोलते म्हणावं."

वहिनीने कपाळावर हात मारून घेतला. पण बोलणार काय? 'दिलं' तर वन्संच म्हणाल्या होत्या.

बैठकीच्या दिवशी सकाळी वहिनी चहा गाळत होती. तेवढ्यात भिंतीकडे तोंड केलेल्या वन्संनी मान न वळवता सवयीने म्हटलं, "इस्त्रीवाल्याकडे दूध लागलं."

वहिनीच्या हातातली गाळणी तशीच राहिली. तिला कसलाच वास आला नव्हता. ती बाहेर गेली. इस्त्रीवाला पातेलं घेऊन धावत होता, बायकोच्या नावाने ओरडत. वहिनी परत आली आणि वन्संच्या समोर, भिंत आणि त्यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, मांडी घालून बसली.

"वन्सं, तुम्हाला वास येतो."

"मग?"

"मग नाक गेलंय कुठे? नाक जागेवर आहे. त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"कामावर."

"बसला कुठे होतात म्हणते मी. तुम्ही पायऱ्यांकडून आला नाहीत. बोळातून आलात."

वन्संनी नजर चोरली. मग जरा लाजल्यासारख्या म्हणाल्या, "तो शिट्टी आला. म्हणाला, साहेबांनी वरून बघितलं, पुढच्या पायरीवर कुणी बसलेलं बरं दिसत नाही. मी म्हटलं, मी कामावर आहे. तो म्हणाला, उठवत नाही तुम्हाला, आत खुर्ची टाकलीय. हाताची खुर्ची, वहिनी. गादीची. मला कुणी म्हणालं नव्हतं गं आजवर, की आत या, बसा."

"कुठल्या खोलीत?"

"खालच्या. दोरीवर ते पडदे होते बघ, त्या."

"वास आला नाही तुम्हाला तिथे?"

"आला की. सुरुवातीला चांगला झणझणीत आला. मला वाटलं, वर काम चाललंय, तिथूनच येतोय. मग कमी कमी होत गेला. म्हटलं, आज वहिनीचा हात चांगला बसलाय." त्या थांबल्या. त्यांचा चेहरा उतरत गेला. वहिनीला रोज संध्याकाळी जे होतं ते वन्संना जन्मात कधी झालं नव्हतं. मेलेलं नाक कसं असतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ठाऊक होणार कसं, भावाने त्यांना कधी आत येऊच दिलं नव्हतं.

"म्हणजे तो मला दारात ठेवायचा ते..."

"तुमच्या नाकासाठी, वन्सं."

"मला वाटायचं माझं नाक आहेच असं. उपजत." त्यांनी पदर तोंडाला लावला. "पायरीचं होतं होय ते."

वहिनीने त्यांना रडू दिलं. मग चहा पुढे केला. गार झालेला.

"संध्याकाळी जायचं का नाही?"

"जायचं," वन्सं म्हणाल्या. "बोलते म्हणून सांगितलंय मी."

सभागृह गच्च भरलं होतं. आणि साहेब, खिडक्या उघड्या होत्या. सगळ्या, सताड. पट्ट्यांचा मागमूस नाही. वाऱ्याने ते रेशमी पडदे आत-बाहेर झुलत होते आणि वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाने. आता उघडल्यात? आता बोटं उमटत नाहीत? आता रस्त्याची धूळ कुठे गेली?

पुढच्या रांगेत गाणंवाल्या बाई, गळ्याभोवती रुमाल. मागे त्यांचा सगळा वर्ग. तुम्ही मधोमध, पाण्याच्या पेल्यावर झाकण ठेवलेलं. तुम्ही छान बोललात. झाला प्रकार दुर्दैवी. संबंधित महिला इथे आल्या आहेत. त्या कष्टकरी आहेत, आपण मोठ्या मनाने घेऊ. त्यांना दोन शब्द बोलू द्या.

वन्सं उठल्या. त्यांना माईक देत होते, तो त्यांनी बाजूला सारला.

"माझं काम हुंगायचं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी 'दिलं' म्हटलं, ते चूक होतं. माझ्या तोंडून गेलं. बाई, मी तुमच्या पाया पडते." आणि खरंच वाकल्या. गाणंवाल्या बाईंनी घाईने त्यांचे खांदे धरले.

तुम्ही मान हलवलीत. समाधानाने. टाळी वाजवायला हात वर आले होते तुमचे, साहेब, अनेकांनी पाहिलं.

"थांबा," वन्सं वळून म्हणाल्या. "माझी झाली. आता तुमची."

"कसली?"

"चूक. मी माझी सांगितली ना सगळ्यांसमोर? आता तुमची सांगा. मी पायरीवर बसले होते. मला तिथून कुणी उठवलं?"

"हे बघा, आजी, तुमच्या सोयीसाठी..."

"आजी नका म्हणू. सोयीसाठी मला ओल्या पडद्यांच्या खोलीत बसवलं? पडदे अंगणात का नाही टांगले?"

"बाईंना पाणी द्या रे."

आता वहिनीला राहवेना. "पाणी नको, उत्तर द्या. खिडक्या उघडू द्या म्हणून मी तुमच्या दारात उभी राहिले. तुम्ही म्हणालात, बोटं उमटतील. म्हणालात की नाही?"

"मी असं कुठे... मी फक्त रंगाची काळजी घ्या म्हटलं. पट्ट्या रंगवणाऱ्यांनी लावल्या असतील. खुर्चीचं वॉचमनला विचारा. तपासावं लागेल सगळं. आणि मुळात तुम्ही काम घेतलंतच का मग?"

हा घाव वर्मी लागला. खरंच होतं ते. का घेतलं? एका गोंड्यासाठी घेतलं. पण तिने मान खाली घातली नाही.

"घेतलं, चुकलं. लिहा तेही आमच्या नावावर. पण आमच्या दोघींची मिळूनही ही गोष्ट पुरी होत नाही, साहेब. अजून एकाची कमी पडते."

शिट्टी दाराशी उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो चुळबुळला, टोपी काढून परत घातली आणि म्हणाला, "मला वरून सांगितलं." वर म्हणजे कुठे, हे सांगायची त्याची छाती झाली नाही. पण त्याने छताकडे पाहिलं नाही, तुमच्याकडे पाहिलं.

तेव्हा गाणंवाल्या बाई उठल्या. त्यांनी तोंड उघडलं आणि आधी नुसती हवाच आली. सभागृहात इतकं शांत झालं की पडद्यांच्या कड्या दांड्यावर सरकलेल्या ऐकू आल्या.

"मीही," त्या म्हणाल्या. प्रत्येक शब्द खरवडून काढत होत्या. "मीही म्हटलं होतं. उघडा म्हणून. आल्या आल्या. तुम्हालाच. जिन्यात."

मागच्या रांगेतल्या बहिऱ्या आजोबांनी शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. "काय म्हणाल्या? काय म्हणाल्या बाई?" पूर्वी त्यांना बाईंचं सगळं ऐकू यायचं. शेजाऱ्याने त्यांच्या कानात सांगितलं आणि आजोबा उभे राहिले, हातातली काठी जमिनीवर आपटत. मग वर्गातले एकेक उभे राहिले. ओरडलं कुणी नाही. नुसते उभे.

तुम्ही पेल्यावरचं झाकण काढलंत, पाणी प्यायलात, झाकण परत ठेवलंत आणि म्हणालात, "चौकशी चालू आहे. बैठक संपली."

वन्सं तिथे थांबल्या नाहीत. त्या जिना उतरल्या, बोळ ओलांडून पुढच्या दाराने बाहेर आल्या आणि मधल्या पायरीवर, जिथे कुणी बसलेलं बरं दिसत नाही तिथे, पदर सावरून बसल्या. वहिनी त्यांच्या शेजारी. थोड्या वेळाने गाणंवाल्या बाई आल्या आणि खालच्या पायरीवर टेकल्या.

शिट्टी आला. उठा म्हणायला आला होता, पण तसाच वळून दाराशी जाऊन उभा राहिला.

"अगं वहिनी," वन्सं म्हणाल्या, हवा ओढून घेत, "रस्त्यावर डांबर तापवतायत. आणि पलीकडच्या घरात कुणीतरी लिंबू कापलंय."

"बरं वाटलं ना?"

"नाक बरं आहे. मी बरी नाही."

त्या तिघी अजून तिथेच बसतात, साहेब. रोज काम आटोपलं की येतात, थोडा वेळ बसतात आणि जातात. हवेला पाटी लावता येत नाही म्हणून तुम्ही पायरीवर लावलीत, 'येथे बसू नये'. पाटीला पाठ टेकून त्या बसतात. वर तुमची खिडकी दिसते. ती हल्ली उघडी असते.

तेव्हा खाली वाकून एवढंच सांगा, पाटी नको, निरोप नको, तुमच्या तोंडाने सांगा. त्या दिवशी खिडक्या कुणी बंद ठेवायला लावल्या? पायरीवरच्या बाईला आत कुणी नेऊन बसवलं? जिन्यात गाणंवाल्या बाईंचा आवाज शाबूत असताना त्यांनी तुम्हाला 'उघडा' म्हटलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?

बोला, साहेब. ऐकायला तिघी बसल्या आहेत.